रेशन कार्डाबाहेरच्या पोरी

पोरांना मारता का, असं कुणाच्या दारात उभं राहून विचारून बघा एकदा. मी विचारलंय. गावातल्या एकूण एक उंबऱ्यावर विचारलंय, हातात छापील फॉर्म आणि कार्बन पेपर घेऊन विचारलंय. त्यामुळं या विषयात माझ्याशी कुणी वाद घालायला येऊ नये.

नव्वदीतली गोष्ट आहे, नेमकं साल सांगत बसत नाही. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि सणसरच्या पुढं, कालव्याकाठच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवत होते. शाळा माझी चौथीपर्यंतच. पुढचं सगळं लग्नानंतर, पोरांच्या पुस्तकांवरनं आणि किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरनं शिकलेलं. सातवीची परीक्षा बाहेरून दिली तेव्हा माझा थोरला माझ्या एक वर्ग पुढं होता आणि गणित चुकलं की मलाच रागवायचा.

महिन्याच्या मीटिंगला आम्ही सगळ्या सेविका इंदापूरला जायचो. अशाच एका मीटिंगला पुण्याहून एक बाई आल्या. सुती पातळ, पिकत आलेले केस, आणि बोलणं इतकं हळू की मागं बसलेल्यांना पुढं सरकून बसावं लागलं. त्या म्हणाल्या, या भागात किती मुलांना मारहाण होते, किती उपाशी झोपतात, किती मुलांकडं कुणी बघतच नाही, हे मला मोजायचंय.

आमच्यातली एक लगेच म्हणाली, "मग पोलिसांत इचारा की बाई. तितं लिवलेलं असंल."

"विचारलं. तिथं असं काही लिहिलेलं नाही."

"मग न्हायच की! आमच्याकडं असलं काय व्हत न्हाय."

बाई हसल्या. म्हणाल्या, "गावात किती जणांना ताप येतो, ते दवाखान्याच्या वहीवरून कळेल का?"

"कसं कळंल?" मी मागनं बोलून गेले. "निम्मी माणसं सुंठीचा काढा पिऊन घोंगडी घेऊन पडत्यात. दवाखान्याच्या वहीत जी चालत जात्यात तीच."

बाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि तिथंच माझी निवड झाली. चौघी जणी घेतल्या होत्या, त्यात मी.

तीन दिवस आम्हाला शिकवलं. फॉर्मवर कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त घराचा नंबर. कुणी काहीही सांगितलं तरी तोंड वाकडं करायचं नाही, अगं बाई म्हणायचं नाही, आणि शहाणपण तर मुळीच शिकवायचं नाही. माझ्यासारखीला हे शेवटचं फार जड गेलं. माझं निम्मं बोलणं शहाणपण शिकवण्यातच जातं.

पहिल्याच दिवशी पहिल्याच घरात म्हातारे आबा बाजेवर तंबाखू मळत बसलेले. मी छापल्याप्रमाणं विचारलं, "आबा, घरातल्या लहान मुलांना मारहाण होती का?"

"कोण इचारतंय? सरकार?"

"सरकार न्हाय आबा. अभ्यास हाय."

"मग लिव. मोठ्याला मी कासऱ्यानं फोडला, त्यो कारखान्यात क्लार्क झाला. धाकट्याला कदी हात लावला न्हाय, त्यो बघ तितं पारावर पत्ते कुटतोय. आता तूच सांग, कुठल्या रकान्यात घालतीस?"

असा खरं सांगणारा एकटा आबाच. बाकी गाव साधूसंतांचं निघालं. "न्हाय बया, कोण मारतंय?" "आमच्यात पोरांना आरं म्हणत न्हाईत." आणि ज्या बाईच्या हातचा दणका मी आदल्याच दिवशी भिंतीपलीकडनं ऐकला होता, ती माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "तुझ्यावाणी आमी न्हाय मारत." पाच दिवस झाले, फॉर्मांचा गठ्ठा झाला, आणि सगळीकडं नाही, नाही, नाही.

मला वाटलं बाई चिडतील. त्या गठ्ठा चाळत शांतपणे म्हणाल्या, "चूक लोकांची नाही, आपल्या प्रश्नाची आहे." मग आमचं काम बदललं. मारता का, हा प्रश्नच काढून टाकला. त्याजागी विचारायचं, कालचा दिवस सांगा. पोरगं उठलं कधी, कुणाजवळ होतं, काय खाल्लं, रडलं का, रडल्यावर काय झालं. कालचा दिवस सांगताना माणूस खोटं बोलायचं विसरून जातं. आणि जायचं दोघींनी. एकीनं ओट्यावर सासूजवळ बसून तिच्या गुडघ्यांचं दुखणं ऐकायचं, तोवर दुसरीनं आत चुलीपाशी सुनेजवळ बसायचं. सासूच्या कानाच्या टप्प्यात कुठली सून खरं बोलेल?

तरीही काही गोष्टी तोंडानं निघत नाहीत. त्याला बाईंनी मडकं आणलं. अंगणवाडीच्या आतल्या खोलीत तोंडाला फडकं बांधलेलं मडकं, शेजारी एका ताटलीत चिंचोके, दुसरीत हरभरे. बायकांना एकेकीला आत पाठवायचं. गेल्या महिन्याभरात वळ उठेपर्यंत पोराला मारलं असेल तर चिंचोका टाकायचा, नसेल तर हरभरा. आत दुसरं कुणी नाही, कुणी कुणाचं बघायचं नाही. एक आमची शेजारीण आत गेली ती आतूनच ओरडली, "अगं, माझी तीन पोरं हायत, एका चिंचोक्यात कसं भागंल?"

"घाल तुझ्या हिशेबानं!" बाहेरच्या बायका हसून हसून लोळल्या. पण बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं, की घरं मोजायची का मुलं मोजायची हे आधी ठरवलं पाहिजे. मडकं सुपात ओतलं तेव्हा मात्र हसणं थांबलं. हरभरे होते, पण चिंचोकेच जास्त. सगळ्या त्या सुपाकडं बघत राहिल्या. एक पोरसवदा सून हळूच म्हणाली, "म्हंजी मी एकलीच न्हाय."

ते ऐकल्यावर मला वाटलं, आपण काहीतरी खरं काम करतोय. आणि खरं सांगते, डोक्यात हवाही गेली.

आता माझी चूक सांगते. ही चूक आमच्याकडचंच माणूस करील, पुण्याच्या माणसाला ती सुचणारही नाही. फॉर्मवर पहिला प्रश्न होता, घरात चौदा वर्षांच्या आतली मुलं किती. बाई म्हणत होत्या, तोंडी विचारा. मीच त्यांना सांगितलं, "बाई, तोंडी इचारलं की लोक पोरी गाळत्यात. लग्नाला आलेला घोडा लहान म्हणून धरत्यात. शेजारचं खेळाय आलेलं पोरगंबी मोजत्यात. त्यापरीस रेशन कार्ड मागा. कार्डावर सगळी नावं असत्यात, वय असतं. बघायचं, उतरवायचं, पुढल्या दारात जायचं." बाईंना पटलं. चौघींनी तसंच सुरू केलं, आणि पलीकडं बारामती तालुक्यात दुसऱ्या सेविका काम करत होत्या, त्यांनाही तसंच सांगितलं. मी तर दिवसाला एक आळी उरकायला लागले.

आमच्या आळीचा नंबर आला त्या दिवशी बाई स्वतः माझ्याबरोबर होत्या, माझं काम बघायला. पहिलं घर माझ्या थोरल्या जावेचं. आमच्या दोघींच्या घरांना मधली भिंत एक. मी तिला आक्का म्हणते. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली, माझ्या अंगावर पाणी तिनं घातलं. तिला आधी एक मुलगा, आणि मग चांगल्या दहाबारा वर्षांनी पुन्हा एक, तो तेव्हा दीड वर्षाचा. कार्डावर दोघांची नावं होती. मी उतरवली. तेवढ्यात आतून एक दहा वर्षांची पोरगी बाळाला कमरेवर घेऊन, दुसऱ्या हातात पाण्याचे पेले घेऊन आली. आम्ही पाणी प्यायलो. मी कालचा दिवस विचारला. मुलगा शाळेत गेला, बाळ खेळलं, दोघं जेवली, कुणी रडलं नाही. छान. पुढचं दार.

दुपारी बाई माझ्याकडं जेवायला बसल्या. शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी केली होती. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "ताई, पाणी आणून दिलं ती मुलगी कुणाची?"

"आक्काच्या धाकट्या बहिणीची. ती लोकं कोऱ्हाळे बुद्रुकच्या पलीकडं वस्तीवर असतात."

"तिचा फॉर्म कुठला?"

"तिचा कशाला? ती पाहुणी आहे."

"आली कधी?"

मी भाकरी मोडता मोडता मनात महिने मोजले. "येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील."

बाई घास हातात धरून माझ्याकडं बघत बसल्या. मीच मग बोलत सुटले. आमच्याकडं असंच असतं, बहिणीला मूल झालं की तिच्या मदतीला पोरगी पाठवायची, पोरगी काही परकी होत नाही. तिचं नाव बापाच्या कार्डावर. इथं विचारलं तर पाहुणी, तिथं विचारलं तर मावशीकडं. बोलता बोलता माझंच मला ऐकू यायला लागलं. इथं पाहुणी, तिथं मावशीकडं. म्हणजे ती पोरगी आमच्या कुठल्याच फॉर्मवर येणार नव्हती.

"शाळेत जाते?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"दिवसभर काय करते?"

मी सगळं सांगितलं. उजाडायच्या आधी हापशावर पाणी, मग शेण, मग बाळ, बाळाचे कपडे कालव्यावर, दुपारी पुन्हा बाळ, संध्याकाळी भाकरी थापायला मदत. मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा मला माहीत होता, कारण त्याला तेल मीच लावलं होतं. बघा म्हणजे. सगळं माहीत होतं, आणि तासाभरापूर्वी तिच्या हातचं पाणी पिऊन मी लिहून आले होते की या घरात मुलं दोन.

बरं, आमची वस्ती कशी? सासऱ्यांनी तरुणपणी धम्म घेतलेला. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की कुणीतरी उठून सांगणारच, पोरं शिकवा, पोरी शिकवा. मीही उठून सांगितलंय. आक्का पुढच्या रांगेत बसून मान हलवायची.

गठ्ठा पुन्हा सोडला. सगळी घरं परत करायची ठरलं. कार्ड बाजूला ठेवलं, आणि नवा प्रश्न मीच काढला, काल तुमच्यात ताटं किती वाढली? ताटं आणि कार्डावरची नावं यांचा मेळ बसला नाही की विचारायचं, जास्तीचं कोण?

"ताटं?" एक म्हातारी म्हणाली. "पंगत घालतीस व्हय गं? मग आमालाबी आवतान दे."

पण त्या प्रश्नानं पोरी बाहेर यायला लागल्या. कुणाच्या भावाची मुलगी, सून खुरपायला जाते म्हणून बाळासाठी आणलेली. कुणाकडं आई गेलेली भाची. कुणाकडं म्हशींमागं ठेवलेला भाचा. आता सगळीच हालात होती असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. एका घरात तर आजीनं आणलेली नात होती, तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणि घरच्या नातवाला नुसतं तेल. पण काहींच्या अंगावर फ्रॉक होता तो आल्या त्या दिवशीचाच, आता काखेत फाटलेला.

आक्काचं घर मी तीन दिवस टाळलं. बाई म्हणाल्या, दुसरीला पाठवू. मी म्हटलं, नको. चूक माझी, दार माझ्या जावेचं.

सकाळी गेले. पोरगी शेण काढायला मागं गेली होती. विचारलं, "आक्का, काल ताटं किती वाढली?"

"तीन."

म्हणजे भाऊजी, आक्का आणि मुलगा. बाळ आईच्याच ताटात. "आन् पोरीचं?"

"ती मागनं खाती. भाकरीच्या परातीतच घेती कालवण. परात घासायचीच असती, ताट कशाला आनी खरकटं करायचं?"

सहज म्हणाली. मनात काही पाप नव्हतं हो. मी तोंड वाकडं केलं नाही, शिकवल्याप्रमाणं सगळं लिहिलं आणि बाहेर आले. माझा एवढा हुशारीचा ताटांचा प्रश्न, तोसुद्धा त्या पोरीपर्यंत पोचला नव्हता.

बाईंना विचारलं, आता काय? त्यांनी समजावलं. फॉर्ममधलं बाहेर गेलं तर पुढच्या दारात कुणी खरं बोलणार नाही, हे पक्कं. पण मूल हालात दिसलं आणि आपण कागद घेऊन निघून गेलो, तेही चालणार नाही. "तुम्ही माझं माणूस म्हणून जाऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांची जाऊ म्हणून जाता येईल का?"

मी पिशवी, फॉर्म, पेन सगळं घरी ठेवलं आणि दुपारी रिकाम्या हातानं गेले. आक्का ज्वारी पाखडत होती.

"आक्का, पोरीला शाळंत घालू या."

सूप थांबलं. "कुणी सांगितलं? तुझ्या पुण्याच्या बाईनं?"

"मी सांगतीया."

"मी मारती का तिला? बघितलंस कदी? उपाशी ठिवती? बहिणीची पोर हाय माझ्या."

"मारत न्हाय. पन दोन वरसं झाली आक्का. दहा वरसांची हाय ती."

आक्का उठून उभी राहिली. "तू शिकवतीस व्हय मला? तुझा बारका झाला तवा तुझ्या भावाची पोरगी कुनी आनली व्हती गं? दीड वरीस राहिली. तुझं पोरगं तिच्या कमरंवर, आन् तू अंगणवाडीत लोकाची पोरं नाचवत!"

मला खरंच आठवलं नव्हतं. इतकी घरं फिरले, इतक्या पोरी मोजल्या, आणि आपल्या घरातली आठवली नाही. तिसरीत होती ती. आणली, बारका चालायला लागला तशी परत पाठवली, मग तिची शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न होऊन पिंपळीला गेली.

मी ओट्यावर बसले. "व्हय आक्का," म्हटलं. "आनली व्हती. तिला आजबी एसटीची पाटी वाचता येत न्हाय, दुसऱ्याला इचारती ही गाडी कुठली म्हणून. मी लई चांगली म्हणून सांगाय आली न्हाय. मी केलंय, म्हणून सांगतीया."

आक्का पाळण्याकडं हात करून म्हणाली, "आन् ह्याला कुनी बघायचं? मी रानात जायचं का ह्याला घिऊन बसायचं?"

"अंगणवाडीत आना. मी बघीन."

"दीड वरसाचं घेत्यात व्हय अंगणवाडीत? तुझी सायबीण आली तपासाय तर?"

"तर सांगीन, पाहुणा हाय."

दुसऱ्या कुठल्या दिवशी ती पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. हापशावर मी दिसले की कळशी अर्धी भरलेली उचलून चालायला लागायची.

पोरगी मला कालव्यावर भेटली, दुपटी धूत होती. बाळ काठावर चिंध्यांशी खेळत होतं. मी विचारलं, "शाळंत जायाचं का गं?"

तिनं पिळता पिळता विचार केला. "बाळाला घिऊन बसू देत्यात का काकी?"

मी घरी आले ती ठरवूनच. शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, घेतो की, पण आधीच्या शाळेचा दाखला आणा. आक्का बोलत नव्हती म्हणून मी थांबणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बारामती, तिथनं दुसरी गाडी, आणि पुढं कोऱ्हाळ्यापासून वस्तीपर्यंत पायी, दोन्ही बाजूंनी ऊस.

पोरीचा बाप गोठ्यात म्हशीला पेंड कालवत होता. मला बघून त्यानं हात पुसले, घोंगडी अंथरली, आत चहा सांगितला. आमच्यात इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यानं आपणहून विचारलं, "पोरगी कशी हाय आमची? चौथीत असंल न्हवं आता?"

मी चहाची बशी खाली ठेवली.

"पाव्हणं, ती शाळंतच जात न्हाय. आल्यापासनं."

"असं कसं? दिवाळीला मेव्हणी म्हणाली, चांगलं चाललंय. म्या समजलो शाळंचं म्हणती. मागल्या पंधरवड्यात हितंबी एक बाई आली व्हती तुमच्यावाणी फॉर्म घिऊन. कारड बघून चार पोरी लिवल्या. म्या सांगितलं, ही थोरली मावशीकडं शिकाय हाय. त्या म्हणाल्या, बरं हाय."

म्हणजे बारामतीच्या गठ्ठ्यात ती पोरगी होती. शिकतेय, बरी आहे, म्हणून.

तिची आई दारात आली, पदरानं तोंड धरून. "आक्काला नाव ठिवू नका," ती म्हणाली. "म्याच पाठिवली. बाळाकडं बघाय पाठिवली आन् ह्यांना शाळंचं सांगितलं. चौघीजनी हायत, म्हटलं एक तरी तितं पोटभर खाईल."

बाप उठला, टोपी घातली आणि माझ्याबरोबर त्यांच्या शाळेत आला. पोरीचं नाव पटावरनं कधीच कमी झालं होतं, पण दाखला मिळाला. तो माझ्या हातात देताना म्हणाला, "मेव्हणीला सांगा, सोमवारपतोर शाळंत घातली तर राहू द्या तितं. न्हायतर मी येतो न्यायला."

परत आल्यावर मी आक्काच्या बंद दारासमोर उभी राहून मोठ्यांदा सांगितलं, दाखला आणलाय, सोमवारपर्यंत मुदत आहे. आतून कढईत उलथनं आपटल्याचा आवाज आला, तेवढंच.

रविवारी बाई पुण्याला निघाल्या. गठ्ठे दोरीनं बांधताना मी विचारलं, "मग आता आकडा खरा आला का?"

"आधीपेक्षा खरा," त्या म्हणाल्या. "पण कमीच. आपण जे विचारलं नाही त्यातली मुलं अजून राहिलीच असतील. आकड्याच्या शेजारीच तसं लिहीन मी." मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि पुढच्या गावांसाठी पहिला प्रश्न मला माझ्या हातानं लिहायला लावला. मी लिहिलं, काल या घरात कोण कोण जेवलं, कशात जेवलं, आणि कुणाच्या मागनं जेवलं. बाईंनी वाचलं आणि एक काना दुरुस्त केला. बाकी तसंच ठेवलं.

सोमवारी अंगणवाडीत पोरं गोल करून सुकडी खात बसली होती. शाळेची पहिली घंटा झाली. मी दारात जाऊन आले, कुणी नाही. म्हटलं, संध्याकाळच्या गाडीनं बाप येणार आणि पोरगी घेऊन जाणार. तिकडं चौघीत एक होऊन तिची शाळा पुन्हा सुरू होईल की नाही, कुणाला ठाऊक. आणि आक्का तर माझ्यासाठी कायमचीच गेली.

तेवढ्यात दारात सावली आली. आक्का. कमरेवर बाळ, कपाळावर आठ्या. माझ्याकडं न बघता तिनं बाळ माझ्या मांडीवर आदळलं.

"घे. रडला तर मला हाका मारायच्या न्हाईत. आन् साखर देऊ नगं, जंत व्हत्यात."

तिच्या मागं पोरगी उभी. अंगात आक्काच्या थोरल्याचा जुना पांढरा सदरा आणि खाली परकर. दोन वेण्या, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. अशा वेण्या आमच्या घरात आक्काच घालते. हातात वायरची पिशवी.

बाळानं पोरीकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. पोरीनं पिशवी खाली ठेवून लगेच दोन्ही हात पुढं केले.

"काय करतीस?" आक्का तिच्यावर ओरडली. "घंटा झाली न्हवं?" मग मला म्हणाली, "दाखला दे गं तिच्याकडं." आणि पुन्हा पोरीला, "आन् गुरुजींनी इचारलं तर सांग, मावशीनं पाठिवलंय. काकीनं न्हाय, मावशीनं!"

"व्हय मावशी."

मी दाखला दिला. तिनं तो पिशवीत न घालता हातातच धरला आणि निघाली. बाळ माझ्या मांडीवर हातपाय झाडत होतं, आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. पोरगी रस्त्याला लागली तरी तिची चाल तीच, एका अंगाला कललेली. डावा हात कमरेशी वाकडा, मूल धरल्यासारखा. बाभळीच्या वळणापर्यंत तशीच गेली. तिथं दुसरी घंटा झाली, तिनं तो हात सोडला आणि पळत सुटली.